शेरा

तेरला जाणारी साडेसातची एसटी
धाराशिवच्या स्टँडवर पाऊण तास उशिरा लागते
हे पहिल्याच आठवड्यात शिकले.
मग हे, की संग्रहालयाचा पुढचा दरवाजा आपला नाही.
आपण मागून यायचं, कडुलिंबाखालून,
चपला बाहेर, पाण्याची बाटली बाहेर.
दगडूमामा कुलूप काढतात
आणि आत जाण्याआधी दारावर दोनदा थाप मारतात.
"आत पाली असत्यात. त्यास्नी सांगून जावं."

पुढं काचेमागं एकशे चाळीस वस्तू.
मागं सव्वीस पत्र्याच्या पेट्या,
गोणपाटात बांधलेली खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे,
औषधाच्या जुन्या बाटल्यांत हरभऱ्याएवढे मणी,
अन् डांबरगोळ्यांचा वास, जो वेणीत बसून घरी येतो.
आई म्हणते, इतिहास म्हणतात तो हाच का गं?

लोमटे मॅडमनी दाखवलं:
कोरड्या ब्रशनं धूळ. ओलं फडकं नाही, कधीच नाही.
मग दिसणार नाही अशी जागा शोधायची,
तिथं बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात,
वाळलं की बारीक निबेनं आकडा,
त्यावर पुन्हा नेलपॉलिश.
तीन बाटल्या मी स्टँडजवळच्या बांगडीवाल्याकडून आणल्या.
लग्न आहे का घरात, त्यानं विचारलं.
म्हटलं, बाराशे खापरं आहेत.

पंखा लावला की चिठ्ठ्या उडतात,
म्हणून पंखा नाही.
खापरावर घाम पडू नये
म्हणून कपाळाला ओढणी.

मंगळवारी अकराशे सत्तेचाळीस
(आतून काळं, बाहेरून तांबडं, वाडग्याचा काठ, तळहाताएवढा)
हातातून सुटलं.
आवाज फार नाही झाला.
पापड मोडावा तेवढा.
दोन तुकडे, आणि मोडलेली कड राखाडी, स्वच्छ,
परवाच भट्टीतून काढल्यासारखी.

मी फरशीवरच बसले.
एवढी वर्षं मातीनं सांभाळलं, पेटीनं सांभाळलं,
आणि माझ्यापर्यंत येऊन—

"रडायलीस व्हय?"
दगडूमामा शेजारी उकिडवे बसले.
"अगं, ह्याला फुटायची सवय हाय.
फुटलं म्हणून तर फेकलं, फेकलं म्हणून घावलं.
साबूत असतं तर वापरून वापरून संपवलं असतं की कुणीतरी."

मॅडम ओरडल्या नाहीत. वाईट तेच वाटलं.
त्यांनी रजिस्टर उघडलं,
शेवटचा रकाना, शेरा, बहुतेक पानांवर कोरा.
एका जागी कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात:
उंदराने चिठ्ठी खाल्ली.
त्याच्याखाली बऱ्याच वर्षांनी मी:
११४७/अ, ११४७/ब.
नवी तूट. हाताळताना.
कुणाच्या हातून, तेही लिहू का?
मॅडम चष्मा पुसत होत्या.
"सही कर फक्त."

जूनमध्ये कळंबच्या शाळेची सहल आली.
चाळीस नाकं काचेला.
एक पोरगं म्हणालं, हे तर आमच्या कोंबड्यांच्या पाण्याचं!
गुरुजींनी त्याला मागं ओढलं.
मी मागच्या दारातून बघत होते.
त्या वाडग्याच्या बुडाखाली, मखमलीला टेकून,
माझं अक्षर आहे. सहा थोडा वाकडा आलाय.

शेवटच्या दिवशी मामांनी किल्ली माझ्याकडं दिली.
कुलूप काढलं,
दोनदा थाप मारली, थांबले.
आत काहीतरी सरकलं
आणि मग जागा झाली.