तिसरा पियानो

त्रिएस्तमध्ये तिसऱ्या मजल्याला तिसरा पियानो म्हणतात.
नेरिना मार्सिच तिसऱ्या पियानोवर राहते
आणि तिचा पियानो आज तिथून खाली जाणार आहे.
लिफ्ट नाही. जिना आहे, शहाण्णव पायऱ्यांचा.
जिन्याला स्काला म्हणतात, चढत्या सुरांच्या ओळीलाही स्कालाच.
चाळीस वर्षं पोरं हा जिना धापा टाकत चढून येत
आणि वर पोचली की पुन्हा तोच चढत,
बोटांनी.

खाली दारात सामानाची गाडी लागलीय.
आपल्याकडे हिला टेम्पो म्हणतात,
हे नेरिनाला कुणी सांगितलं असतं तर ती हसत सुटली असती.
तिच्याकडे टेम्पो म्हणजे वेळ, आणि बाहेरची हवासुद्धा.
आज दोन्ही खराब:
डोंगरावरून बोरा सुटलाय, छत्र्या उलट्या करणारा वारा,
आणि बाराच्या आत गाडी हलली नाही तर दंड.

ड्युईलिओ सकाळपासून अल्लेग्रो आहे.
म्हणजे द्रुत नव्हे. म्हणजे खुशीत,
आणि तोंडाच्या वासावरून जरा जास्तच खुशीत.
दुसरा बेकिम, प्रिश्तिनाचा, एकवीस वर्षांचा.
इथली भाषा तो ओझी उचलता उचलता शिकला.
'पियानो, पियानो!' वळणावर तो ओरडतो.
परक्याला वाटेल, वाद्याचं नाव घेतोय.
तो म्हणतोय, हळू.
वाद्याच्या मूळ नावात हळू होतं, जोरातही होतं;
जगाच्या तोंडी फिरता फिरता जोरात गळून पडलं.

दुसऱ्या मजल्यावर पट्टा सुटतो.
काळं धूड भिंतीवर आदळतं
आणि सगळ्या तारा एकदम बोलतात,
खर्जापासून पार वरपर्यंत,
कुणी न शिकवलेलं.

तारेला कोर्दा म्हणतात. दोरालाही.
पूर्वी बोरा सुटला की रस्त्याच्या कडेनं कोर्दा बांधत,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
नेरिना तेव्हा सहा वर्षांची.
दोर ओला होता, खरबरीत,
आणि त्याच दोरावर, थोडा पुढे, आईचा हात.

आवाज विरायला वेळ लागतो. कुणी हलत नाही.
'पाउझा,' म्हणत ड्युईलिओ पायरीवर बसतो, सिगारेट पेटवतो.

बेकिम विचारतो, बाई, तुम्ही काय शिकवायचात?
तुला येतात तेच शब्द, ती म्हणते. रुबातो माहीत आहे?
चोरलेला, तो लगेच म्हणतो. माझी सायकल. गेल्या मंगळवारी.
आमच्यात वेळ चोरतात.
एका सुराचा थोडा काढून घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा.
आणि परत?
परत करायचा असतो, असं मी मुलांना सांगायचे.
ती पदराला नसलेली गाठ शोधावी तशी
कोटाचं बटण चाचपते.
बहुतेक जण करत नाहीत.

मुज्जाच्या खानावळवाल्याशी चारशे युरोंचा अक्कोर्दो झालाय.
अक्कोर्दो म्हणजे करार.
एकत्र वाजणाऱ्या तीन सुरांनाही हाच शब्द,
पण त्या तिघांनी पैशाचा विषय कधी काढला नाही.

बाराला पाच कमी. गाडी कोपऱ्यावर वळते,
तिच्यामागे भोंगे वाजवणाऱ्या मोटारींची कोदा, लांब शेपूट.
ब्लँकेटखालून पियानोचा एक पितळी पाय दिसतो,
मग तोही नाही.

नेरिना फर्मातापाशी उभी आहे.
जगभरच्या वादकांना फर्माता म्हणजे एक ठिपका,
त्यावर अर्धगोल:
इथे सूर धरून ठेव, मनाला येईल तोवर.
तिच्या भाषेत त्या खुणेला मुकुट म्हणतात.
फर्माता म्हणजे नुसता बसचा थांबा.

दहा नंबर येते. दार उघडतं.
ड्रायव्हर तिच्याकडे बघतो.
वारा तिचा स्कार्फ ओढतोय,
थांब्याचा खांब तिनं एका हातानं घट्ट धरलाय.

दार बंद होतं.