बेरीज

बिलिंग्जच्या शोरूममध्ये विक्रेता बोलतोय
टॉर्कबद्दल, गरम होणाऱ्या सीटबद्दल.
ओडेसा ट्रकचं दार उघडून वाकते,
कपाळावरचा चष्मा नाकावर:
माणसं आणि माल मिळून
सोळाशे चाळीस पौंड. बस्स.

वीजबिलाच्या लिफाफ्यावर पेन्सिल.
कॅम्परचा दांडा टेकेल, त्याचे सातशे.
जनरेटर, साखळ्या, सरपण.
म्हातारी कुत्री सत्तर.
स्वतः एकशे बावन्न, बूट धरून.
रॉस्को दोनशे दहा –

पेन्सिल तिथंच टेकून राहते.

"दोघं निघालात?"
"मी आणि कुत्री."
"मग हे दोनशे दहा खोडले
तर लहान ट्रकवर भागेल. स्वस्तही."

ती लिफाफा घडी करून खिशात घालते.
"राहू देत. घाटात उपयोगी पडतात.
तो मोठा दाखवा, राखाडी.
आणि ते सीटचं काय म्हणालात,
बाजूचीही तापते ना?"