फट

मोक्पोच्या बंदरावर, जाळी विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर
माझी खोली. जिन्यात सुताचा आणि सुक्या माशांचा वास.
मंगळवारी रात्री फाईल येते:
बहात्तर चौकटी, नुसत्या काळ्या रेघा.
गुरुवारी उजाडेपर्यंत सगळ्यांना
कातडी, कपडे, आभाळ द्यायचं.

पहिल्या वर्षी एकेक बाही हाताने रंगवायचे.
मनगट सुजलं, पैसे तेवढेच.
मग ठेचा खात शिकले:
रेघांचा थर वर, त्याला कुलूप, त्याला हात नाही लावायचा.
रंग खालच्या थरात. बादलीला सांगायचं,
बघ वर, ओत खाली.
आधी अख्खी आकृती भडक गुलाबीने भरून टाकायची,
सुटलेला कोपरा मग आपणहून बोंबलतो.
सावली निराळ्या थरावर, खालच्याला जखडून,
म्हणजे वेशीबाहेर जात नाही.
आणि कोटाचा निळा एकदा ठरला की पट्टीत जपून ठेवायचा;
आठव्या भागात मी दुसराच निळा दिला होता,
वाचकांनी नाव न घेता धुतलं मला.

रेघा ग्यू-तकच्या. तो बुचनला असतो.
पाच वर्षं झाली, भेट नाही, आवाजही नाही.
पण त्याची रेघ कुठे सुटते ते मला पाठ:
कोपराच्या आत, कानामागे,
आणि कुणी रडत असेल तर हनुवटीखाली.
तेवढ्या फटीतून रंग निसटतो,
भिंतीवर, रस्त्यावर, चौकटभर,
एका टिचकीत पोरीच्या गालाचं आभाळ.
म्हणून बादलीला एक आकडा असतो,
केवढी फट बुजलेली धरायची त्याचा.
माझा चार.
पाच वर्षं चार.

आई खाली जाळी सांधते. जेवायला वर येते,
पडद्याकडे बघत विचारते,
माझ्या जाळ्याला भोक पडलं तर मासा जातो,
तुझं काय जातं?
झोप, मी म्हणते.

यंदा मार्चमध्ये चारने भागेना.
सहा केले. एप्रिलात नऊ.
खिडकीच्या सरळ कडेला बारीक दाते आले.
हनुवटीखालची फट
आता हसणाऱ्यांनाही.
संपादकबाई म्हणाल्या, नवी शैली वाटतं, छान मोकळी आहे.
मी म्हटलं, हो.

आकडा फार वाढवला की दुसरीच पंचाईत,
बादली भित्री होते.
केसांच्या टोकात, बोटांच्या बेचक्यात
शिरायलाच तयार नाही.
तेव्हा पुन्हा हाताने.
कुलूप नाही काढलं मी. त्याच्या वर एक थर घेतला
आणि त्याच्या वळणाची रेघ, केसाएवढी,
तुटलं तिथे ओढली, दातऱ्या कडेवरून फिरवली.
एकशे अकरा ठिकाणी. मोजायचं नव्हतं, मोजलं गेलं.
थराला नाव द्यावं लागतं. 'धूळ' लिहिलं
आणि फाईल पाठवून दिली, नेहमीसारखी, निरोपाशिवाय.

या मंगळवारी ती जरा उशिराच आली.
रेघा तशाच, थोड्या आणखी सैल.
आणि त्यांच्या वर
एक रिकामा थर, आधीच घालून ठेवलेला.
नाव नाही. कुलूप नाही.

खाली आईने दुकानाचं शटर ओढलं.
मी दिवा जवळ घेतला
आणि आकडा पुन्हा चारवर आणून ठेवला.