चार नंबरचे कपडे

टोलेडोच्या स्टेडियमखाली, बॉयलरशेजारच्या खोलीत
एकोणीस वर्षं मी कपडे धुतेय.
कपाटावर छोटा टीव्ही आहे,
पण ड्रायर लागला की त्याचं नुसतं तोंड हलतं.
मॅच मला सोमवारी कळते,
डागांवरून.

बासष्टच्या कोपरावर रक्त
(रक्ताला थंड पाणी; गरम घातलं की ते कापडात घर करतं).
एकोणतीसच्या पाठीवर दुसऱ्याच कुणाच्या हेल्मेटचा रंग.
अकरा, क्वार्टरबॅक, ज्या दिवशी हरतो
त्या दिवशी त्याच्या पाठीला चिखल, पोटाला नाही.

आणि चार नंबर, आयव्हर हाल्डोर्सन.
याची पँट घडी मोडल्यासारखीही नसते.
फक्त डाव्या मोज्यावर, घोट्यापाशी
बोटभर हिरवी रेघ:
उजवा पाय हवेत असताना
सगळं अंग ज्याच्यावर उभं असतं, तो पाय.

पोरं त्याला पाहुणा म्हणतात.
ती एकमेकांच्या अंगावर जातात तेव्हा
हा पार टोकाला, जाळीत चेंडू मारत बसतो.
एकदा मी म्हटलं, अरे, हे न धुताच घडी करू का?
तो म्हणाला, धू, व्हर्ना.
आणि वेगळं नको. त्यांच्याच मशीनमध्ये टाक.

कधीकधी खाली येऊन बसायचा, उलट्या बादलीवर.
इथे आवाज आहे, म्हणायचा, सराव होतो.
चेंडू मागे येणार, कुणीतरी तो बोटाखाली धरणार,
मग पाय. सगळं मिळून एक पूर्णांक तीन सेकंद.
मला मोज्यांची जोडी लावायला त्याहून जास्त लागतात.
मी विचारलं, मग उरलेले तीन तास काय करतोस?
तो हसला नाही.
उभा राहतो, म्हणाला.

डिसेंबरातला तो रविवार.
तीन सेकंद शिल्लक, दोन गुण मागे,
त्रेचाळीस यार्ड, वारा लेक एरीवरून आडवा.
समोरच्या कोचने टाइमआउट घेतला.
याने जागा मोजली, मान हलवली,
कोचने पुन्हा घेतला. मुद्दाम.
पोराला विचार करायला वेळ द्यायचा, बस,
बाकी काम तो स्वतःच करतो.

मी ड्रायर बंद केला.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, मॅच चालू असताना.

उजव्या खांबाचा आवाज मी टीव्हीत ऐकला,
रिकामी बादली पडावी तसा.
मग छतावरचा आवाज गेला.
तीस हजार माणसं, साठ हजार पाय,
सगळे एकदम थांबले
आणि थोड्या वेळाने
एका पायाला नावं ठेवत जिन्यांवरून उतरले.

एकोणतीसच्या हातून त्याच दिवशी चेंडू दोनदा सुटला होता.
अकराने तर सरळ समोरच्यांच्या हातात दिला होता.
त्यांचे डाग मी चाळीस मिनिटांत काढले.

चारची जर्सी तशीच, कोरी.
फक्त गळ्याची शिवण
दातांनी उसवलेली.
मी ती आधी शिवली, मग धुतली,
त्यांच्याच मशीनमध्ये.

मंगळवारी त्याच्या कप्प्यावरची पट्टी नव्हती.
कुणी काही बोललं नाही; पाहुण्याला कोण विचारतं
का निघालास.
बुधवारी आयडाहोहून नवा पोरगा आला, बावीसचा.
लाथ मारीन तिथे पाणी काढीन, असं चालणं.
नंबर तोच हवा म्हणाला. चार.

दुपारभर मी अक्षरं उसवत होते.
हाल्डोर्सन लांब नाव. नवं आडनाव प्रुइट, आखूड.
मधोमध बसवलं तरी दोन्ही बाजूंना
सुईची भोकं उरली, ओळीने.
इस्त्री फिरवली, वाफ दिली. जात नाहीत.

पोरगा जर्सी घ्यायला आला,
उजेडाला धरून पाहिली.
हे काय आहे, म्हणाला, इथे?

मी म्हटलं, कसर.