झेडवरची फुली

कम्प्युटर सुरू होतो तसा बरा.
पडद्यावर तोरणमाळचा तलाव येतो,
घड्याळ येतं, ती चिमुकली शिट्टी वाजते.
मग मी पिवळ्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारते
आणि तो बसतो.
बसतो म्हणजे दोंडाईच्याच्या फाटकावर
मालगाडी जाईपर्यंत रिक्षा बसते तसा,
इंजिन चालू, हलणं नाही.

वरच्या पट्टीत हिरवी रेघ
मुंगीच्या चालीने सरकते,
मी मनात आकडे मोजते.
चाळीस.
रोज चाळीस. एखाद्या दिवशी बेचाळीस.
त्यानंतर मात्र दिवसभर
बोट लावायचा अवकाश, की दार सताड.
पहिल्यांदाच काय ती खोट.

आत बिबड्यांच्या ऑर्डरी आहेत.
नवापूरची पाच किलो, शहाद्याची दोन,
कुणाचे पैसे राहिले, कुणाला तीळ नकोत.
फोनवर माणूस ताटकळलेलं असतं.
"एक मिनिट हं," मी म्हणते, "उघडतोय."

आधी संशय धुळीवर.
आमच्याकडची धूळ नुसती धूळ नसते,
हिवाळाभर पथारीवर मिरची वाळते
आणि वारा तिचा खकाणा घरोघर वाटतो.
डबा उघडला, पंख्यावर ब्रश फिरवला,
सात शिंका, डोळ्यांना धार.
चाळीस.
जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले. चाळीस.
अलीकडच्या फायलींची यादी पुसली,
व्हायरसवाल्याला घटकाभर झोपवलं.
चाळीस, चाळीस, एकोणचाळीस
(त्या एकावर मी उगाच खूश).
पुण्याहून लेक म्हणाली, "आई, नवी डिस्क घे."
स्टँडजवळच्या क्लासचा कुंदन म्हणाला,
"फॉरमॅट मारू, काकू."
यांना सगळं पुसूनच दुरुस्त करता येतं.

बिबड्या न्यायला आलेल्या मंजाबाईने
माझ्या खांद्यावरून ती रेघ पाहिली.
"कोनी वाट देखी ऱ्हायना व माय हाऊ?"

मी हसले. ती पिशवी घेऊन गेली.
हसू तोंडावर तसंच राहिलं.

डावीकडची यादी खाली सरकवली.
सी. डी.
आणि तळाशी, डोळ्यांना सवयीने न दिसणारा,
झेड. त्याच्यावर तांबडी फुली.

नऊ वर्षं झाली असतील.
पुढच्या खोलीत दिराचा फोटो स्टुडिओ होता,
भिंतीला भोक पाडून निळी वायर आत आणलेली.
हिंमतभाऊ तिकडे नवरदेव टिपायचे.
मी इकडे भाजी निवडून झाली की
झेड उघडायचे,
मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवायचे,
कपाळावरचा घाम टिपायचे.
एका करवलीची फुटकी बांगडी
मी अशीच सांधली होती, तिला कळलंही नाही.
मग खिशाखिशात कॅमेरे आले.
भाऊ उधन्याला साड्यांच्या कारखान्यात लागले,
तिकडचा कम्प्युटर किलोवर गेला.
इकडच्याला कुणी सांगितलं नाही.
हा रोज सकाळी उठून आधी भिंतीपलीकडे हाक मारतो,
चाळीस मोजेपर्यंत थांबतो,
मग माझ्याकडे वळतो.

उजवी टिचकी. जोडणी तोडा.
नक्की का, असंही त्याने विचारलं नाही.
बंद केला, चालू केला.
तलाव, घड्याळ, शिट्टी,
आणि फोल्डर, मी एक म्हणायच्या आत.

उधन्याला फोन लावला. मागे यंत्रांचा खडखडाट.
"भाऊ, आज झेड काढला."
"कोनता झेड, वैनी?"
काही नाही म्हटलं. जेवलात का.

दुपारी वायर ओढली, पंधरा हात निघाली.
गच्चीवर बांधलीय, बिबड्यांचं कापड वाळतं तिच्यावर.
फोनवर मी अजून म्हणते, "एक मिनिट हं,"
यादी समोर उघडी असताना.

भोक राहिलंय.
पुढची खोली आता मिरचीवाल्याकडे, छपरापर्यंत पोती,
खकाणा थेट की-बोर्डवर येतो.
बोळा कोंबायचाय.
शिंकत शिंकत रोज म्हणते, उद्या.