एक के

काळा, दाराला लावायच्या पाचरीसारखा,
आईच्या जेवणाच्या डब्यापेक्षा हलका.
दुकानात सत्तर पौंड. आम्हाला निम्म्यात,
कोपऱ्याचा टवका उडाला होता म्हणून,
तेही हप्त्याहप्त्यानं पगारातून कापून.

आईचं नाव सेंगा.
ॲग्नेस उलटं वाचलं की सेंगा. डंडीत अशा बऱ्याच आहेत.
अठरा वर्षं तिनं घड्याळं जुळवली,
मग एका सोमवारी पट्ट्यावरून घड्याळांऐवजी हे सरकत आले.
"बोटांना काय," ती म्हणाली,
"फक्त हा टिकटिकत नाही."

टीव्ही बाबांचा.
फुटबॉल संपून ते पबमध्ये गेले की आमची पाळी.
त्या रात्री तिनं कोटही काढला नव्हता.
"माझ्या लाइनवरच्या बायका घाल यात."

कळा नव्हत्याच, नुसता गुळगुळीत पत्रा,
बोट रुतवून दाबावं लागे.
ती सांगत गेली, मी दाबत गेलो.
मोरॅग पेट्री.
नेटी गॉरी, डाख लावताना जी शिव्या पुटपुटते.
बेला डुथी, तिची आई तागाच्या गिरणीत बहिरी झाली,
आता दोघी ओठांवरून भांडतात.
"आई, फक्त नावं."
"बरं. फक्त नावं."

एकोणिसाव्या नावाला पडदा थबकला.
तळाशी उमटलं: चार, तिरकी रेघ, एकशे नव्वद.
"म्हणजे?"
"म्हणजे भरला. जागा नाही."
तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"पहिलं कोणाचं आहे?"
"तुझं."
"काढ ते."

मावल्या सगळ्या.
चष्मा लावून तिनं मोठ्यानं वाचल्या,
हजेरी घेतल्यासारख्या.
मग बाबा आले, बातम्या हव्या होत्या, वायर निघाली.
कॅसेटवर घ्यायचं मला सुचलंच नाही.

कारखाना आता नाही.
परवा माळ्यावरून तो काढला, जोडला.
चालू झाला, मेला!
पांढरा पडदा, तळाशी काळा चौकोन, त्यात एक के.
बोट ठेवून बसलो.
सहा नावं आठवली. सातवं नाही.
आठवत राहिलं ते मी न दाबलेलं:
नेटीच्या शिव्या, बेलाच्या आईचे ओठ,
कुणीतरी होती जी डब्यात रोज बीटच आणायची.

हे सगळं त्यात मावणार नाही.
दुसऱ्या कडव्यापाशीच तो म्हणाला असता, चार,
आणि मग तिचं नाव काढायचं की नाही,
हे मला ठरवावं लागलं असतं.