नोरीनचे कान

सर्क्युलर कीवरून पहिली फेरी.
डावीकडे पूल, उजवीकडे ती शिडांची इमारत,
जवळून बघावं तर फरशा पांढऱ्या नाहीतच,
दुधावरच्या सायीच्या रंगाच्या.
हे कुठल्याच फोटोत कळलं नव्हतं.

मॅनलीच्या धक्क्यावर एका टाँगन पोराने
जांभई देत दोर फेकला
आणि फास नेमका खुंटात बसला.

वाळूवर निळे फुगे पडलेले, अंगठ्याएवढे.
"मेले तरी डसतात," बोर्ड काखेत धरून
पळता पळता एक शाळकरी मुलगी म्हणाली.
मी कडेकडेने चालत राहिले.

पुढे खडकांत तळं आहे, तिकोनी,
समुद्राला भिंत घालून अडवलेलं.
भरतीला लाट भिंतीवरून सरळ आत येते,
कुणाच्या घरी यावी तशी.

तिथे नोरीन.
ऐंशीच्या पुढची, जांभळी टोपी,
दोन्ही गुडघ्यांवर टाक्यांच्या उभ्या रेघा.
"जरा धरतेस? एरवी कॉलिन धरतो,
आज त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे."
आणि कानांतून काढून तिने
माझ्या तळहातावर ठेवली
मटारएवढी दोन यंत्रं.
अजून कोमट.

मी मूठ मिटली
तशी आतून शिटी वाजायला लागली,
बारीक, डासासारखी.
उघडली की गप्प.

नोरीन दोन फेऱ्या पोहली. तिसरीला
भिंतीमागून पाणी उभं राहिलं,
तळं नुसतं पांढरं झालं
आणि टोपी दिसेना.

मला पोहता येत नाही.
हाक मारायला तोंड उघडलं
तर तिचं ऐकणं माझ्याच मुठीत,
तिथून ओरडतंय माझ्यावरच.

किती वेळ?
एक कुत्रा शिडीपर्यंत येऊन, वास घेऊन, परत गेला.
शेजारी कुणीतरी थर्मास उघडत होतं.

मग दुसऱ्याच कोपऱ्यात जांभळं काहीतरी,
पाठीवर तरंगणारं, आभाळाकडे बघत,
सावकाश, मजेत.

वर आल्यावर तिने कान पुसले, यंत्रं बसवली,
माझा चेहरा पाहिला.
"काही म्हणालीस का?"

नाही, म्हटलं.

तिने तोंड वाकडं केलं.
"देवा, हे सीगल!
कसे गं सहन करता तुम्ही लोक
दिवसभर?"